फुंकरीचा रिमोट

मी व्हिडिओ गेमचा रिमोट बोलतोय. दुकानदार मला कंट्रोलर म्हणायचा, काही जण जॉयस्टिक म्हणतात, पण पेणजवळच्या खाडीकाठच्या ज्या घरात मी सहा वर्षं राहिलो तिथे मला सगळे रिमोटच म्हणत. आता मी रोह्याजवळ वरसे गावात, एका पत्र्याच्या कपाटावर पडून आहे. माझी पाठ उघडी आहे. पोटातून वायरी बाहेर लोंबतात आणि त्यांच्या टोकाला सलाईनची एक पिवळी पडलेली नळी आहे. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मला मोडून टाकलंय. तसं नाही. एका माणसाला खेळता यावं म्हणून मला उघडलं होतं.

मी जन्मलो कुठल्या तरी लांबच्या देशात, हजारो भावंडांबरोबर. माझ्या डाव्या बाजूला चार दिशांचं, अधिकच्या चिन्हासारखं बटण. उजवीकडे दोन लाल गोल बटणं. मधे दोन बारकी, खेळ सुरू करायला आणि थांबवायला. डावा अंगठा दिशेवर, उजवा अंगठा लाल बटणांवर आणि बाकीची आठ बोटं मला खालून धरायला. माणसाला दोन हात असतात आणि ते चालतात, एवढं माझे कारागीर धरूनच चालले होते. मलाही तेव्हा त्यात काही चूक दिसली नव्हती.

ब्याण्णव साली कान्हूने मला मुंबईहून आणलं. मुंबई बंदरातून धरमतरच्या जेटीवर माल आणणाऱ्या बार्जवर तो खलाशी होता. वय सत्तावीस, लग्नाला एक वर्ष झालेलं. वडील मिठागरात राबून गेलेले. घरात आई काशीबाई आणि बायको पुतळी. पुतळी रोह्याकडची, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जायची.

कान्हूचे हात दोरखंड ओढून राठ झाले होते, पण माझ्यावर ते हलके पडायचे. माणूस पळवायचा आणि खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायचा, असा एक खेळ त्याला फार आवडायचा. त्यात एक मोठा खड्डा होता. तो ओलांडायचा तर एक लाल बटण दाबून धरून पळत राहायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबून उडी मारायची. कान्हू अंगठा आडवा टाकायचा. टोकाखाली एक बटण, पेराखाली दुसरं. खड्डा पार झाला की तो पुतळीकडे बघायचा.

पुतळीच्या हातात माझा जुळा भाऊ असायचा. त्याला खेळ थांबवायचं बटणच नव्हतं.

"थांबवा जरा, दूध उतू जातंय," ती म्हणायची.

"आता नाय थांबवत. मरंल तो."

"मग तुमीच प्या करपलेला चहा."

काशीबाई दारात बसून सुकी मासळी निवडता निवडता म्हणायची, "लगीन झालेली माणसं नि पोरांवानी खेळतात." पण ती उठून जायची नाही. खड्डा आला की तिचेही हात थांबायचे.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर कान्हू बार्जवरून पडला. जेटीला टेकवलेल्या फळीवरून तो रोज दहा वेळा जायचा. त्या दिवशी फळी ओली होती. ओहोटी असल्यामुळे खाली पाणी नव्हतं, दगड होते. त्याची मान मोडली. आधी अलिबागला नेलं, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. चार महिन्यांनी त्याला टेम्पोत झोपवून घरी आणलं, तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. मान डावी-उजवीकडे वळत होती, खांदे थोडे उचलत होते. त्याखालचं सगळं अंग गादीवर नुसतं ठेवल्यासारखं होतं.

पुढच्या खोलीत टीव्हीसमोर त्याची खाट टाकली. पुतळी सकाळी त्याचं सगळं आवरून कामावर जायची, दुपारी जेवण भरवायला यायची, परत जायची. कान्हू टीव्ही बघत पडायचा. कार्यक्रम नको असला तरी त्याला तो बंद करता यायचा नाही.

एकदा काशीबाईने मला फडक्याने पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं एकेक करून तिने माझ्याभोवती वळवली, अंगठा लाल बटणावर आणून ठेवला.

"दाब रे बाला. सवयीचं हाय तुझ्या. येईल."

हात कोमट होता. अंगठ्याचं वजन माझ्यावर होतं, पण त्या वजनात कान्हू नव्हता. मी वाट पाहिली. काशीबाईनेही पाहिली.

"आये," कान्हू म्हणाला, "काढ तो."

तिने मला टीव्हीमागे ठेवलं. तिथे मी पाच महिने होतो.

मग टीव्हीचं चित्र वरखाली पळायला लागलं आणि पुतळीने आयझॅककाकांना बोलावलं. पेणच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. काका कोकणातले ज्यू, म्हणून शनिवारी ते बंद असायचं. त्यांच्या कितीतरी पिढ्या याच मुलखात गेल्या होत्या, पण मुलगा रूबेन आणि मुलगी सारा आता इस्रायलला होती, आणि आपल्या म्हाताऱ्यांनी तिकडे यावं म्हणून मागे लागली होती. काकांनी टीव्ही उघडला, तेव्हा मागे मी सापडलो.

"हे कोण खेळतं?"

"मी खेळायचो," कान्हू म्हणाला.

काकांनी मला हातात फिरवलं, मग कान्हूकडे पाहिलं. "तोंड चालतं ना तुझं?"

"तोंडच चालतं. आये म्हणते, जास्तच चालतं."

"मग बघू या काहीतरी," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले. पहिला प्रयत्न साधा होता. मला एका फळीवर खिळवून त्याच्या तोंडापुढे धरलं आणि दातात पेन्सिल दिली. कान्हूने पेन्सिलीच्या टोकाने बटणं दाबली. दिशेचं दाबलं की लाल सुटायचं, लाल दाबलं की दिशा सुटायची. दहा मिनिटांत त्याचा जबडा थरथरायला लागला आणि माझ्यावरून लाळ ओघळली. पुतळी पुसायला वाकली तर त्याने मान फिरवली.

दुसऱ्या वेळी काकांनी माझी पाठ उघडली. बटणांच्या जागी वायरी जोडून त्या बाहेर काढल्या आणि उशीच्या दोन्ही अंगांना दारावरच्या बेलची बटणं बसवली. डावा गाल टेकवला की डावीकडे, उजवा टेकवला की उजवीकडे. पण ती बटणं गालासाठी नव्हती. तासाभरात गालांवर गोल वळ उठले. मग काकांनी ती काढून करवतीच्या पात्याच्या पातळ पट्ट्या लावल्या आणि पुतळीने त्यांना जुन्या साडीची मऊ पट्टी गुंडाळली. त्या नुसत्या स्पर्शाने वाकायच्या.

लाल बटण राहिलं होतं. काकांनी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी घेतली. तिच्या एका टोकाला सलाईनची नळी बसवली आणि दुसऱ्या टोकावर फुग्याचं रबर ताणलं. रबरावर तांब्याची पातळ पट्टी चिकटवली आणि तिच्या समोर, केसाएवढं अंतर सोडून, एक पितळी स्क्रू उभा केला. नळीत फुंकलं की रबर फुगायचं, पट्टी स्क्रूला टेकायची आणि माझं लाल बटण दाबलं जायचं.

त्याआधी घरात एक बोलणं झालं होतं. पुतळी म्हणाली होती, "काका, आधी बेल लावा त्याला. मी मागल्या दारी असली की हाक ऐकू येत नाय."

"बेल नको," कान्हू म्हणाला.

"का नको?"

"बेल वाजवून काय मागणार मी? पाणी. नायतर मुताचं भांडं. दिवसभर मागतोच हाय. खेळ असला तर मागावं लागणार नाय काय."

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा कामाला लागले.

पहिल्यांदा फुंकर माझ्यापर्यंत पोचली तो क्षण मला आठवतो. विमानाचा खेळ लावला होता. कान्हूने गाल टेकवला, विमान डावीकडे सरकलं. त्याने फुंकलं आणि विमानातून गोळी सुटली. तो थांबला. परत फुंकलं, परत सुटली. मग तो सव्वा तास खेळला. पडल्या दिवसापासून पहिल्यांदा एखादी वस्तू त्याच्या मनाप्रमाणे हलत होती. काशीबाईने पदर तोंडात धरला आणि आत गेली.

त्यानंतरचं वर्ष बरं गेलं. मी आता कुणाच्या हातात नव्हतो, एका माणसाच्या श्वासावर होतो. कान्हू जेवला की फुंकर जड असायची, पावसाळी हवेत आखूड. पुतळी कामावरून आली की ती लांब आणि बेफिकीर व्हायची.

पण त्याला तो जुना खेळ हवा होता. तो खड्डा.

काकांनी खूप डोकं चालवलं. नळीत फुंकलं की एक बटण आणि हवा आत ओढली की दुसरं, अशी दुसरी डबी केली. ती चालली. पण फुंकायचं आणि ओढायचं एकाच वेळी कुणालाच जमत नाही. पळत असताना उडी मारायची म्हणजे पळणं सोडावं लागायचं आणि माणूस खड्ड्यात पडायचा. कान्हू आठ दिवस त्याला पाडत राहिला.

शेवटी पुतळी खाटेवर बसली आणि पळायचं लाल बटण तिने बोटाने दाबून धरलं. कान्हूने फुंकलं. माणूस उडाला, खड्ड्यापलीकडे उतरला.

"झालं," पुतळी म्हणाली.

"तुझं झालं. माझं नाय."

"दोघांनी केलं ना."

"सगळंच दोघांनी करतो आपण, पुतळे. जेवतो दोघांनी, आंघोळ दोघांनी. एक तरी मला एकट्याला करू दे."

पुतळीने बोट काढलं. ती उठून चुलीकडे गेली. त्या खेळाचं कार्ट्रिज त्यानंतर कुणी लावलं नाही. दोष मला द्यायला हवा होता. बोटं न चालणाऱ्या माणसासाठी माझ्यात काहीच योजलेलं नव्हतं.

पंच्याण्णवला काका इस्रायलला निघाले. त्यांच्या बायको, मिरियमकाकू, निरोप घ्यायला बरोबर आल्या होत्या. काकांनी पुतळीला तापल्या सळीने वायरीला डाग द्यायला शिकवलं आणि आपला बारका स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला.

"फुंकर कमी पडायला लागली तर हा स्क्रू आत घ्यायचा. पाव फेरा. जास्त नको."

"कमी का पडंल?" पुतळीने विचारलं.

काका कान्हूकडे बघत म्हणाले, "रबर जुनं होतं गो."

रबर पुतळी दर दोन महिन्यांनी बदलायची, त्यामुळे ते जुनं झालं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कान्हूला ताप आला. छातीत कफ साठला. त्याला जोराने खोकता येत नव्हतं. पुतळी दोन्ही हात छातीखाली ठेवून दाबायची, तेव्हा थोडा सुटायचा. ताप उतरला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून छाती तपासली आणि आता ठीक आहे म्हणाले. पण फुंकर माझ्यापर्यंत येईतो अर्धी झाली होती. हे घरात फक्त मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

पुतळीच्याही लवकरच लक्षात आलं. कान्हू फुंकायचा आणि गोळी सुटायची नाही. तो झोपलेला असताना तिने स्क्रू पाव फेरा आत घेतला. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुटू लागल्या.

"स्क्रू फिरवलास," कान्हू म्हणाला.

"नाय."

"कालच्यापेक्षा मी बरा नाय झालो. मला कळतं."

"फिरवला," ती म्हणाली. "मग काय झालं."

"काय नाय. फिरवत जा."

मग शिमग्याला पाव फेरा. पुढच्या पावसात दोन वेळा. दर तापानंतर थोडं थोडं. अंतर केसाएवढं होतं, ते केसाच्याही आत आलं.

काकांचं पत्र यायचं, मराठीतच. एकात त्यांनी लिहिलं होतं की तिकडच्या हॉस्पिटलात त्यांनी फुंकरीवर चालणारी चाकांची खुर्ची पाहिली, आणि तिच्यातलं बटण इतकं नाजूक असतं की झोपेतल्या श्वासानेही हलतं. तसं एक बटण कान्हूसाठी मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. पण तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय देत नाहीत आणि पेशंट तिथला लागतो. "मी पुन्हा विचारीन," असं शेवटी होतं. पुतळीने पत्र मोठ्याने वाचलं. कान्हू म्हणाला, "खुर्ची पण चालते फुंकरीवर?" आणि ती ओळ पुतळीला पुन्हा वाचायला लावली.

सत्त्याण्णवचा पावसाळा त्याला झेपला नाही. श्रावणात एका दुपारी पुतळीने स्क्रू फिरवला आणि खेळ लावला. नळी अजून कान्हूच्या ओठांत दिलीही नव्हती. पडद्यावरच्या विमानातून गोळ्या सुटायला लागल्या, एकामागून एक, न थांबता.

पट्टी स्क्रूला टेकूनच बसली होती.

कान्हू बघत राहिला. "बघ गो. माझ्याबिगर पण मारतोय."

पुतळीने घाईने स्क्रू जरासा मागे घेतला. गोळ्या थांबल्या. तिने नळी त्याच्या ओठांत दिली. त्याने फुंकलं. मला काहीही जाणवलं नाही. ती स्क्रू जरा पुढे करायची, विमान आपोआप मारायला लागायचं. मागे करायची, सगळं गप्प व्हायचं. त्या दोहोंच्या मधे कान्हूसाठी जागाच उरली नव्हती. तिने अर्धा तास प्रयत्न केला.

"राहू दे," कान्हू म्हणाला. "बंद कर."

"उद्या नवं रबर लावते."

"रबर चांगलं हाय, पुतळे."

तिने बंद केलं.

नवव्या दिवशी सकाळी त्याचा श्वास अडकायला लागला. टेम्पोतून पेणला नेईपर्यंत तो संपला होता. कारखान्यात गणपतीची घाई होती. पुतळीच्या हाताला गुलाबी रंग तसाच होता.

काशीबाई पुढच्याच वर्षी गेली. पुतळी माहेरी, भावाकडे वरशाला आली आणि एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली. टीव्ही आणि गेम तिने गावात देऊन टाकला. मला मात्र साडीत गुंडाळून बरोबर आणलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला नागोठण्याच्या मोरूबद्दल कळलं. चाळिशीतला माणूस, पक्षाघाताने वर्षभर खाटेवर. त्याच्या शेजाऱ्यांकडे माझ्याच जातीचा व्हिडिओ गेम होता. सुटीच्या दिवशी मला पिशवीत घालून ती बसने गेली. मोरूच्या बायकोला तिने सगळं समजावलं. नळी गरम पाण्याने धुतली. मग स्क्रूड्रायव्हर काढला आणि थांबली. स्क्रू होता तसाच होता, कान्हूच्या शेवटच्या दुपारी तिने सोडला तिथे. मोरूची छाती मजबूत होती. त्याच्यासाठी तो मागे घ्यायला हवा होता.

तिने घेतला. दोन पूर्ण फेरे.

मोरूने फुंकलं. पण त्याच्या तोंडाची एक बाजू लुळी होती. ओठ नळीभोवती मिटत नव्हते, हवा कोपऱ्यातून निघून जायची. पुतळीने त्याचे ओठ बोटांनी धरून पाहिले. मानही त्याची एकाच बाजूला वळायची. माझ्या पट्ट्या, माझी नळी, सगळं एका माणसाच्या मापाचं होतं. तासाभराने मोरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"राहू दे बाय," त्याची बायको म्हणाली. "जे जमत नाय त्यात अजून एकाची भर, एवढंच होतंय."

घरी आल्यावर पुतळीने मला मांडीवर घेतलं आणि स्क्रू पूर्वीच्या जागी न्यायला बसली. दोन फेरे आत फिरवले. मग थोडा मागे. मग थोडा पुढे. नेमकी जागा तिला सापडली नाही. ती कशी सापडणार? ती जागा सांगणारी फुंकर आता नव्हती. तिने मला कपाटावर ठेवलं आणि त्यानंतर हात लावला नाही.

परवा भावाने घर आवरायला काढलं. माझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे ठेवायचं काय अजून?"

ती सकाळच्या शिफ्टला निघाली होती. चपलेत पाय घालता घालता म्हणाली, "भंगारवाला आला की दे."

तिच्यावर माझा राग नाही. तीन वर्षं तिने मला त्या माणसासाठी चालवलं, माझ्याने जेवढं होणार नव्हतं तेवढंही माझ्याकडून करून घेतलं. जे कुणी कुठे नवे रिमोट बनवत असतील, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: आखायला बसण्याआधी एकदा खाटेवरच्या माणसाला विचारा, त्याचं काय चालतं. पण माझं बोलणं तिथवर कुठलं पोचायला.

भंगारवाला मंगळवारी येतो. आज सोमवार आहे. तो मला फोडेल, तांबं वेगळं काढेल, प्लास्टिक वेगळं. त्याला माझी एक विनंती आहे. नळी ओढून तोडू नको, सोडवून बाजूला ठेव. तिच्यात आता काही नाही, हे मला माहीत आहे. तरी बाजूला ठेव.